सोलापूरची जुनी झाडी बंगालच्या उपसागरात का शोधायची? समुद्रतळाच्या गाळातल्या परागकणांबद्दल सविस्तर

मंगळवेढ्याजवळच्या एका गावात शाळेवर असलेल्या एका सरांनी विचारलंय, की मॅडम, समुद्राच्या तळाचा गाळ काढून त्यातले परागकण मोजतात आणि त्यावरून हजारो वर्षांपूर्वी जमिनीवर जंगल होतं का गवत, पाऊस किती पडायचा हे सांगतात म्हणे, हे कितपत खरं? आणि आपल्या सोलापूरला तर समुद्रच नाही, मग आपल्याकडचं काय सापडणार तिथं? शेवटी असंही विचारलंय की पोरांना यातलं काही करून दाखवता येईल का. माझं निम्मं आयुष्य मायक्रोस्कोपवर डोळा लावून परागकण मोजण्यात गेलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण सगळं सांगते.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण खरी गंमत तिथंच आहे. सोलापूरला समुद्र नाही हे बरोबर, पण सोलापूरच्या पाण्याला आहे. आपण नकाशात बघतो आणि म्हणतो अरबी समुद्र जवळ, पण आपलं पाणी तिकडे जातच नाही. भीमा निघते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, तिथून खाली कोकण दिसतं, आणि तरीही ती पाठ फिरवून पूर्वेला येते. उजनी, पंढरपूर, मग हत्तरसंग कुडलला सीना तिला मिळते, पुढे कर्नाटकात रायचूरकडे ती कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रातून बंगालच्या उपसागरात. म्हणजे पुराच्या वेळी कुडलच्या घाटावर उभं राहून जे चहाच्या रंगाचं पाणी तुम्ही बघता, त्यातली माती आणि मातीबरोबर आलेले परागकण यांचा रस्ता बंगालच्या उपसागराचा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे परागकण, नान्नजच्या माळावरच्या गवताचे, अक्कलकोट रोडच्या बाभळीचे, सगळ्यांचा उतार पूर्वेलाच.

मग इथेच का नाही खणत, एवढ्या लांब का जायचं, असं तुम्ही म्हणाल. मी पण सुरुवातीला हेच म्हणायचे. अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं, ते इतकं चिवट की कडक अॅसिडला दाद देत नाही, पण हवेला, म्हणजे ऑक्सिजनला ते हळूहळू हरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच भेगा चिकट चिखलाने बुजतात, वरची माती खाली जाते, खालची वर येते, आणि दरवर्षी ओलं-कोरडं, ओलं-कोरडं चालू. परागकण टिकायला याच्याइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही, आणि चुकून टिकले तरी कुठला थर जुना कुठला नवा हे सांगता येत नाही. तलाव म्हणाल तर सिद्धेश्वर तलावाला परंपरेने बाराव्या शतकापर्यंत मागे नेतात, हिप्परग्याचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला. दहा-पंधरा हजार वर्षं शांतपणे गाळ साठत राहिलाय असं नैसर्गिक तळं आपल्या भागात नाही. महाराष्ट्रात लोणार हा मोठा अपवाद, तिथल्या सरोवराच्या गाळातून साधारण ११ हजार वर्षांचा इतिहास निघालाय आणि सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी लांबलेला कोरडा काळ होता हे त्यात दिसलंय. पण लोणार हे एक खोल भांडं आहे, आपल्याकडे तसं भांडं नाही. आपलं भांडं म्हणजे समुद्र.

आता परागकण समुद्राच्या तळापर्यंत पोचतात कसे ते बघू, कारण इथं बऱ्याच लोकांना शंका असते. कण असतो साधारण १० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे मोठ्यातला मोठा मिलिमीटरचा दहावा भाग. एवढा हलका कण हजार-बाराशे मीटर पाण्यातून एकटा खाली जायचा तर प्रवाह त्याला कुठल्याकुठे नेऊन सोडेल, आणि मग तळाच्या गाळाचा वरच्या किनाऱ्याशी काही संबंधच राहणार नाही. पण तो एकटा जात नाही. मातीच्या कणांना चिकटून त्याचे गोळे होतात, शिवाय पाण्यातले बारीक प्राणी, कोपेपॉड वगैरे, बाकी खाण्याबरोबर परागकणही गिळतात, कवच काही पचत नाही, आणि विष्ठेच्या बारीक गोळीत बांधलेला कण दिवसाला दहा-वीस मीटर ते कधी शंभर मीटरहून जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत तळाला. मला स्वतःला या सगळ्या विषयात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, की डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या पोटातून गेल्यामुळे आपल्या जंगलांची नोंद जागच्या जागी राहिली.

नद्यांशिवाय दुसरा वाहक वारा. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर सहाराची धूळ आणि परागकण वारा थेट समुद्रात टाकतो, अरबी समुद्रातही अरबस्तानाकडून आलेले कण सापडतात. बंगालच्या उपसागरात आपल्या बाजूला मात्र मुख्य काम नद्यांचं. पाइनच्या परागकणाला दोन हवेच्या पिशव्या असतात, तो तरंगत तरंगत इतका लांब जातो की किनाऱ्यापासून जेवढं दूर जाल तेवढा पाइनचा टक्का वाढतच जातो, म्हणून समुद्रातल्या गाळात बरेच लोक पाइन बेरजेतून बाहेर ठेवून बाकीचे टक्के काढतात. हे न कळता कोणी पाइन वाढला म्हणजे थंडी वाढली असं लिहून टाकलं की सगळंच चुकलं.

गाळ काढायला जहाजावरून लांब पाइप तळात घुसवतात आणि त्यात भरलेला गाळाचा दांडा, म्हणजे कोअर, वर आणतात. वरचा गाळ नवा, खालचा जुना. खुल्या समुद्रात हजार वर्षांत फक्त काही सेंटिमीटर गाळ बसतो, मोठ्या नदीच्या मुखासमोर त्याच्या कितीतरी पट. आणि तळाला किडे-अळ्या राहतात, त्या वरचे पाच-दहा सेंटिमीटर ढवळत असतात, तेव्हा जिथे गाळ हळू बसतो तिथे शंभर-दोनशे वर्षांचा तपशील मागायचाच नाही, तो ढवळून एक झालेला असतो. नदीच्या मुखासमोरचे कोअर म्हणून तर मोलाचे.

लॅबमधलं काम सांगते, कारण ते वाचून कळत नाही. चमचाभर गाळ घ्यायचा, दोन-तीन सीसी. आधी हायड्रोक्लोरिक अॅसिड, शंखशिंपल्यांचा चुना फसफसून निघून जातो. मग हायड्रोफ्लोरिक अॅसिड, ते वाळू आणि चिकणमातीच विरघळवून टाकतं. हे अॅसिड काच खातं म्हणून सगळं प्लास्टिकच्या भांड्यात, आणि अंगावर उडालं तर सुरुवातीला दुखतही नाही पण आत हाडापर्यंत जातं, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय आणि फ्यूम हूड, म्हणजे वाफा बाहेर ओढणारं कपाट, चालू असल्याशिवाय मी कोणाला बाटली उघडू देत नाही. विद्यार्थी घाई करतात, मी रागावते, रागावणारच. नंतर बारीक जाळीतून चाळायचं, १० मायक्रॉनच्या खालचं वाहून जातं, आणि गरज पडली तर अॅसिटोलिसिस, म्हणजे अॅसेटिक अॅनहायड्राइड नऊ भाग आणि सल्फ्युरिक अॅसिड एक भाग, यात थोडा वेळ तापवलं की कणाच्या आतलं आणि वरचं सगळं जळून कवचाची नक्षी स्वच्छ दिसते. ही पद्धत स्वीडनच्या एर्टमन यांची, आज जगभर तीच चालते.

सुरुवातीलाच सॅम्पलमध्ये एक गोळी टाकतो, लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची, गोळीत किती बीजाणू हे माहीत असतं. समजा गोळीत १०,००० होते, आणि स्लाइडवर मोजताना ५० लायकोपोडियम आणि २०० परागकण दिसले, म्हणजे परागकण चारपट, म्हणजे सॅम्पलमध्ये मूळ ४०,००० परागकण. साधं त्रैराशिक. धुताना-ओतताना काही सांडलं तरी दोन्ही सारखंच सांडतं, म्हणून हिशोब बिघडत नाही.

एक चूक माझ्या हातून झाली होती ती सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वर्षांत एकदा एका कोअरच्या वरपासून खालपर्यंत सगळ्या स्लाइडमध्ये मोठे, टवटवीत गवतवर्गी कण दिसायला लागले, आतला जीवद्रव्याचा रंगसुद्धा घट्ट धरलेला. दहा हजार वर्षं जुन्या कणाच्या आत काही शिल्लक नसतं, फक्त रिकामं कवच असतं. जानेवारी होता, लॅबच्या मागच्या रानात ज्वारी फुलोऱ्यात, आणि स्लाइड बनवताना खिडकी उघडी. तीन आठवड्यांचं काम टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक बॅचबरोबर गाळ न घातलेलं एक रिकामं सॅम्पल सगळ्या पायऱ्यांतून जातं, त्यात एकही परागकण दिसला तर ती पूर्ण बॅच बाद.

आता स्लाइड. चारशेपट मोठं करून ओळी-ओळीने सरकत जायचं, ३०० कण होईपर्यंत, समुद्राच्या गाळात कण कमी असतात तेव्हा शंभरावर समाधान मानावं लागतं. गवताचा कण गोल, गुळगुळीत, एकच भोक आणि भोकाभोवती कडं, बांगडीसारखं. राजगिरा, चाकवत यांच्या घराण्याचा कण म्हणजे सगळीकडून भोकंच भोकं, गोल्फचा बॉल डोळ्यासमोर आणा. सूर्यफूल, करडई काटेरी. बाभळीचे सोळा कण एकमेकांना चिकटून एकच गड्डी होते, आणि आपल्याकडे जिकडेतिकडे माजलेली वेडी बाभूळ मात्र सुटे कण देते, त्यामुळे दोघींची गल्लत होत नाही. कांदळाचे, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचे, कण बारीक, पण ओळखीचे झाले की लांबून कळतात. आणि दवणा, देवाला वाहतो तो, त्याच्या कुळातल्या झुडपांचे कण हिमयुगाच्या थरांत वाढलेले दिसतात, कारण ती कुळी थंड-कोरड्या हवेत फोफावते. पहिल्यांदा वीसेक हजार वर्षं जुन्या थरात तो तीन फाकांचा कण बघितला तेव्हा मी बराच वेळ स्लाइड हलवलीच नाही.

पण इथं थांबून एक महत्त्वाचं सांगायला पाहिजे, परागकणांचा टक्का म्हणजे झाडांचा टक्का नव्हे. ज्वारी, गवत, पाइन वाऱ्यावर परागीभवन करतात म्हणून ढिगाने कण सोडतात. पळस पक्ष्यांवर आणि किड्यांवर अवलंबून, तो मोजकेच कण करतो, माळ केशरी झालेला असला तरी गाळात पळस शोधून सापडत नाही. अर्जुन, ऐन, धावडा या घराण्याचे कण दुसऱ्या एका घराण्याच्या कणांपासून सुटे करणं अवघड, म्हणून दोन्ही एकत्रच मोजतात. आणि गवत! गवताच्या शेकडो जाती, पण मायक्रोस्कोपखाली सगळं एकच. कुसळी गवत का पवन्या गवत का रानातला कोणी, सांगता येत नाही. धान्याचे कण आकाराने मोठे असतात, मक्याचा तर ८०-१०० मायक्रॉन, पण काही रानटी गवतंही मोठे कण देतात, म्हणून नुसत्या आकारावरून इथे शेती होती असं म्हणायला मी कचरते.

टक्क्यांचा अजून एक सापळा. शंभर झाडाचे कण आणि शंभर गवताचे, तर झाडं ५० टक्के. झाडं तेवढीच राहिली आणि गवत दुप्पट झालं की झाडं ३३ टक्के, आलेखात जंगल कमी झाल्यासारखं दिसतं आणि प्रत्यक्षात एकही झाड पडलेलं नाही. म्हणून ती लायकोपोडियमची गोळी.

कांदळाचंही तसंच. हिमयुग ऐन भरात असताना, साधारण २१ हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, मग बर्फ वितळत गेलं, पाणी वर आलं, खाड्या नव्या तयार झाल्या आणि कांदळवनं त्यांच्याबरोबर सरकली. गाळात कांदळ वाढला की काहीजण लगेच पाऊस वाढला म्हणतात. असेलही, पण आधी समुद्राची पातळी तपासायची. आणि हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड आजच्या निम्म्याहूनही कमी होता, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या पद्धतीने अन्न बनवणाऱ्या गवतांना पाऊस तेवढाच असला तरी फायदा मिळतो, म्हणजे गवत वाढलं म्हणून दुष्काळच होता असंही नाही.

एवढे सगळे पण-पण असताना विश्वास का ठेवायचा? कारण समुद्राच्या गाळात परागकण एकटे नसतात. त्याच चमच्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या समुद्रातल्या एकपेशीय जीवांची बारीक शंखं असतात, मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने एकेक उचलून गोळा करतो, त्यांच्यावर कार्बन डेटिंग करून वय निघतं, साधारण ५० हजार वर्षांपर्यंत. (समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, सरासरी चारशे वर्षांनी, तेवढी दुरुस्ती करावी लागते.) त्याच शंखांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून समुद्राचं तापमान आणि जगभरातल्या बर्फाचा अंदाज येतो. म्हणजे जमिनीवर काय चाललं होतं आणि समुद्रात काय चाललं होतं ही दोन्ही उत्तरं एकाच चमच्यातून, त्यामुळे आधी कोण बदललं आणि मागून कोण, हे तारखांचा घोळ न होता कळतं. तळ्याचा गाळ आणि समुद्राचा गाळ वेगवेगळे डेट केले की दोन्हीकडच्या चुका पाच-सातशे वर्षांच्या, मग कसला क्रम लावणार? पोर्तुगालसमोरच्या कोअरमध्ये हेच बघितलं गेलं, मागच्या उष्ण काळात, सव्वा लाख वर्षांपूर्वी, बर्फ कमी झाल्याबरोबर जंगल आलं नाही, ते उशिरा आलं, आणि बर्फ परत वाढायला लागल्यावरही हजारो वर्षं टिकून राहिलं. एकच कोअर नसता तर हे कधी कळलंच नसतं.

आपल्या बाजूला येऊ. २००६ मध्ये जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजाने भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत आंध्रच्या किनाऱ्यासमोर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात कोअर काढले. शोध चालला होता समुद्रतळातल्या गोठलेल्या मिथेनचा, पण आपल्या कृष्णेच्या नव्हे, शेजारच्या गोदावरीच्या मुखासमोरचा, सव्वा किलोमीटरहून जास्त खोल पाण्यातला एक कोअर आमच्यासारख्यांना खजिना ठरला. त्यातल्या पानांवरच्या मेणाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. गवताची जी अडचण वर सांगितली ती हे मेण सोडवतं, ज्वारी-बाजरीसारख्या कोरड्या उन्हातल्या गवतांची आणि झाडांची कार्बनची सही वेगळी असते. निष्कर्ष असा की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून मध्य भारत आणि दख्खन कोरडे होत गेले, आणि १७०० वर्षांपूर्वी अजून एक पायरी खाली. त्याच कोअरमधले परागकणही मोजले गेले, त्या टीममध्ये पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटचे लोक होते. भारतीय परागकणांच्या संदर्भ स्लाइडचा मोठा संग्रह तिथे आहे, आणि असा संग्रह नसेल तर आमच्यासारखे आंधळेच. नंतरच्या अभ्यासात हेही दिसलं की अलीकडच्या काही हजार वर्षांत दख्खनच्या बेसॉल्टची माती समुद्रात जास्त यायला लागली, म्हणजे झाडी विरळ झाली, शेती वाढली, उघडी जमीन वाहून गेली.

आता हे आपल्या जवळच्या गोष्टीशी जोडून बघा. घोड नदी भीमेला मिळते, तिच्या काठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजने तिथं वर्षानुवर्षं उत्खनन केलं. इसवीसनपूर्व १६०० च्या सुमारास ते शेतकऱ्यांचं गाव होतं, आणि इसवीसनपूर्व ७०० च्या सुमारास ते उजाड झालं. पाऊस कमी झाल्यामुळे का, हा जुना वाद आहे. समुद्रातला कोअर त्या वादाला पार्श्वभूमी देतो, एका गावाचा निकाल मात्र तो देऊ शकत नाही, हे मला स्पष्ट सांगायचंय. नदीच्या मुखाशी आलेला गाळ म्हणजे अख्ख्या खोऱ्याची मिसळ. कृष्णेचं खोरं अडीच लाख चौरस किलोमीटरहून मोठं, त्यात महाबळेश्वरचं ओलं जंगल आहे आणि आपला माळही. त्यामुळे 'समुद्राच्या गाळावरून सोलापूरला ३००० वर्षांपूर्वी अमुक मिलिमीटर पाऊस' असं कोणी लिहिलं तर सर, ते मानू नका. खोऱ्यात झाडी वाढली का घटली, कधीपासून, किती झपाट्याने, एवढं मात्र तो गाळ खात्रीने सांगतो.

एक अजून अडचण आजच्या काळातली. जुना गाळ वाचायला आजचा गाळ माहीत पाहिजे, आज खोऱ्यात अशी-अशी झाडी आहे आणि मुखाशी असे-असे टक्के आहेत, हा पाया. पण उजनी आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे, आपला बराचसा गाळ आता धरणांतच बसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की ओढ्यांचा, गावतळ्यांचा वरचा ताजा गाळ आता गोळा करून ठेवा, कुठल्या रानाला कसले टक्के येतात ते आपल्या भागापुरतं तरी नीट नोंदवा. त्यात गाजर गवत खूप कामाचं आहे, पुण्यात त्याची नोंद १९५० च्या दशकात झाली, म्हणजे गाळात त्याचे काटेरी कण भरपूर दिसायला लागले की तो थर त्यानंतरचा समजायचा. एवढं त्रासदायक तण, पण तारखेच्या शिक्क्याचं काम चोख करतं.

आता पोरांसाठी. शाळेत साधा मायक्रोस्कोप असेल ना, चारशेपटीचा, तो पुरतो. डिसेंबर-जानेवारीत शाळू फुलोऱ्यात असताना सकाळी कणसाखाली काळा कागद धरून टिचकी मारा, पिवळी पूड पडते. सुईच्या टोकाएवढी पूड स्लाइडवर, त्यावर ग्लिसरीनचा एक थेंब, वर कव्हर ग्लास. गोल कण आणि त्यावरचं ते एकच भोक पोरांना स्वतः शोधू द्या, तुम्ही आधी सांगू नका. मग बाभूळ, सूर्यफूल, राजगिरा, झेंडू यांच्या स्लाइड, प्रत्येकीवर नाव आणि तारीख. पाच-सहा ओळखता आले की पावसाळ्यानंतर गावतळ्याच्या तळाचा वरचा एक सेंटिमीटर गाळ स्वच्छ डबीत घ्या, पाण्यात ढवळा, जड वाळू खाली बसू द्या, आणि वरचं गढूळ पाणी थोडा वेळ ठेवून जो बारीक साका बसतो त्याचा थेंब बघा. अॅसिड अजिबात नको, घाण दिसेल भरपूर, पण त्या घाणीत एखादं तरी बांगडीवालं भोक दिसेल. गाळ घेताना आजूबाजूला कुठली झाडं, कुठली पिकं आहेत ते वहीत लिहायला लावा, आणि डब्या उन्हात ठेवू नका. आठ-दहा डब्या जमल्या की मला कळवा, मी येते घेऊन जायला, त्यातल्या दोन-तीन आमच्याकडे नीट अॅसिडने स्वच्छ करून स्लाइड परत पाठवीन, म्हणजे पोरांना आपलं मोजलेलं आणि आमचं मोजलेलं शेजारी ठेवून बघता येईल.